शंभर टक्के भूगोल

पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांनी एकदा मान्य केल्यावर भूगोल शिकवायला माणूस कशाला ठेवायचा, असा प्रश्न जबाबदार यंत्रणांना दर काही वर्षांनी पडतो, आणि तो गैर म्हणता येत नाही. इतिहासाचं वेगळं आहे. तो वरचेवर नव्यानं ठरवावा लागतो, म्हणून त्यात माणसं लागतात. भूगोल मात्र ठरून बसलेला आहे. डोंगर जागचा हलत नाही. नद्या पूर्वी हलत असत. मराठवाड्यातल्या नद्यांनी अलीकडे तेही सोडलंय. अशा स्थिरस्थावर विषयासाठी कायमचं पद निर्माण करणं म्हणजे दौलताबादचा किल्ला पळून जाऊ नये म्हणून त्याला दावं बांधण्यासारखं आहे.

तरीही शिवराजला ते पद हवं होतं. त्यातून त्याला काय काय मिळणार होतं याची मोजदाद त्यानं मनात पुष्कळदा केली होती. पहिली गोष्ट, स्टाफरूममध्ये पाठ टेकता येईल अशी खुर्ची (तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना बाक असतो, त्यांनी टेकून बसावं असं कुणालाच वाटत नसल्यामुळे बाकाला पाठ नसते). दुसरी, उन्हाळ्यातसुद्धा आपण प्राध्यापक आहोत असं सांगण्याचा अधिकार. सध्या हा अधिकार मार्चअखेर संपायचा आणि प्राचार्यांची मर्जी असली तर जुलैत पुन्हा लागू व्हायचा. तिसरी गोष्ट, विशाखा.

विशाखा ही सिल्लोडच्या एका मका-कापसाच्या आडतदाराची मुलगी. शिवराज त्याच तालुक्यातला, घरची कोरडवाहू शेती, भूगोलात एम.ए., सेट पास, नऊ वर्षं तासिकेवर. बघायच्या कार्यक्रमात तिनं विचारलं, "तुम्ही वर्गात काय शिकवता?" शिवराजनं मोसमी वारे कसे येतात ते चहा थंड होईपर्यंत सांगितलं. तिनं जांभई दिली नाही. उलट मध्ये एक शंका विचारली. नऊ वर्षांच्या अध्यापनात असं माणूस त्याला भेटलं नव्हतं, त्यामुळे तो तिथंच वाहून गेला. वडील मात्र व्यापारी होते. ते म्हणाले, "वारं येतंय ते ठीक हाय. पर्मनंट कधी होताय?"

हा प्रश्न घेऊन शिवराज शहरात परत आला.

छत्रपती संभाजीनगरातल्या सातमाळा शिक्षण प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात भूगोलाचा पदव्युत्तर विभाग तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली आहे. उंचीवर जावं तसं तापमान कमी होतं हा सिद्धांत तिथं मे महिन्यात तपासून बघता येतो. विभागाची साधनसामग्री समाधानकारक आहे. गच्चीवर एक वातकुक्कुट आहे. संस्थाध्यक्षांच्या वाढदिवसाच्या फलकाची दोरी त्याला बांधल्यापासून तो सदैव अध्यक्षांच्या केबिनची दिशा दाखवतो, आणि जाणकारांच्या मते या संस्थेत वारं तिकडूनच येत असल्यामुळे यंत्रात बिघाड नाही. खाली एक पर्जन्यमापक आहे. त्याच्यावर सायकल स्टँडची शेड आली, तेव्हापासून त्यात थेंब पडलेला नाही. या निरीक्षणांच्या आधारे विभागप्रमुख डॉ. नानासाहेबांनी ‘परिसरातील पर्जन्याचा संपूर्ण ऱ्हास’ हा शोधनिबंध लिहिला. तो परिषदेत वाचला त्या दिवशी मांडवात गुडघाभर पाणी होतं, म्हणून वाचन खुर्चीवर उभं राहून करावं लागलं (निबंधाला प्रथम पारितोषिक मिळालं). शहराचं नाव बदललं तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर नव्या नावाची पट्टी चिकटवली. पट्टी लांब असल्यामुळे जालना जिल्हा तिच्याखाली गेला. जालन्याच्या मुलांनी तक्रार केली नाही. ती त्या भिंतीकडे मुळात कधी बघत नव्हती.

भूगोल घेऊन पुढं काय, असं पालक विचारतात. विभागाच्या माहितीपत्रकात करिअरच्या सत्तावीस संधी छापल्या आहेत. त्यात चौथ्या क्रमांकावर ध्रुवीय संशोधक आहे (वैजापूर तालुक्यातून अद्याप कुणी गेलेलं नाही). प्रत्यक्षात शंभरातला एक जण तहसीलदार होतो आणि उरलेले नव्व्याण्णव तहसीलदाराची परीक्षा देतात. त्या एकाचा फोटो औरंगपुऱ्यातल्या अकरा अभ्यासिकांच्या फलकांवर आहे. अकराही ठिकाणी तो एकाच वेळी शिकला. उरलेले नव्व्याण्णव त्या फोटोखाली बसून वाचतात, आणि त्यांच्या मेसच्या डब्यांवर, खोल्यांच्या भाड्यांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांवर शहराचा एक भाग बऱ्यापैकी सुखानं जगतो. एखाद्या विषयानं आजूबाजूच्या अर्थव्यवस्थेला याहून जास्त काय द्यावं?

अशा विभागाचं मूल्यांकन करायला बाहेरच्या राज्यांतून तीन सदस्यांची समिती येणार, असं पत्र आलं. समितीला एकच गोष्ट प्रामुख्यानं बघायची होती: गेल्या दहा वर्षांत एम.ए. झालेल्यांपैकी किती टक्के विद्यार्थी विषयाशी संबंधित रोजगारात आहेत.

नानासाहेबांनी शिवराजला बोलावलं.

"किती झाले रे दहा वर्षांत?"

"एक्केचाळीस, सर."

"हायेत कुठं?"

"पसरलेत, सर."

"मग गोळा कर. वरची श्रेणी आली की एक कायम पद मिळतंय, अध्यक्षांनी शब्द दिलाय. आन् पद आलं तर तुझ्याशिवाय इथं हाय कोण?"

हे शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. विभागात नानासाहेब, शिवराज आणि एक शिपाई एवढेच होते, आणि शिपाई वाणिज्यचा पदवीधर होता.

शिवराजनं मोटारसायकल काढली. पहिला सापडला तौफिक, गुलमंडीत, रिक्षात.

"सर! बैठो, किधर छोडूं?"

शिवराजनं समितीचं सांगितलं. तौफिकनं मीटरवर हात ठेवला आणि विचारात पडला. "मैं क्या बोलूं उनको? मैं तो रिक्षा चलाता."

"वाहतूक भूगोल म्हण."

"और उन्हो पूछे, क्या अभ्यास करता तो?"

"शहरातलं रस्त्यांचं जाळं."

"रस्ते कां हैं सर? पाइप के वास्ते सब खोदके रख्खे. कल जां से निकला, आज वां गड्ढा."

"मग बदलती भूरूपं म्हण."

"ये बराबर है," तौफिक म्हणाला. "ये तो मैं रोज करता."

काम सोपं नव्हतं, पण नानासाहेबांच्या वर्गीकरणामुळे मार्गी लागलं. दौलताबादला किल्ल्याखाली सोमनाथ स्वतःच्या बागेतली सीताफळं आणि पेरू विकत होता. तो ‘फलोद्यान व पर्यटन भूगोल’ झाला. पाण्याचा टँकर चालवणारा एक जण होता, ज्याच्याशी या शहरात नगरसेवकसुद्धा अदबीनं बोलतात. तो ‘जलसंसाधन व्यवस्थापन’. घरोघर पार्सल पोचवणारे सात जण ‘स्थाननिश्चिती तंत्रज्ञान’. मोंढ्यात मक्याची पोती मोजणारे ‘कृषी भूगोल’. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या नऊ जणांना ‘दीर्घकालीन संशोधन’ या सदरात घेतलं. लग्न होऊन गेलेल्या मुलींचा प्रश्न तर अभ्यासक्रमानंच सोडवून ठेवला होता. विवाह हे स्थलांतराचं प्रमुख कारण आहे, असं दुसऱ्या सत्राच्या पुस्तकातच लिहिलंय. मुलींनी त्याचं प्रात्यक्षिक दिलं, एवढाच अर्थ.

त्यातल्या सुरेखाला मात्र फोनवर पटेना. "सर, मी कुठं नोकरी करती? मला दोन लेकरं हायेत."

"तेच ते. स्थलांतर आणि लोकसंख्या, दोन्ही घटक."

"अग्गंबाई! मग सासूबाईला कशात घालता?"

"त्यांचं एम.ए. झालंय का?"

"नाय."

"मग सोड."

सगळ्यांत मानाचा माजी विद्यार्थी म्हणजे राजकुमार. तो पांढऱ्या मोठ्या गाडीतून स्वतःच भेटायला आला आणि वाकून सरांच्या पाया पडला (वर्गात तो फारसा दिसला नसल्यानं शिवराजनं त्याला आधी अध्यक्षांचा पाहुणा समजून स्वतःच उभं राहून नमस्कार केला होता). राजकुमार प्लॉटिंग करायचा. त्याच्या हाती गट नंबर असलेलं शेत यायचं आणि जाताना ते ‘सिटी’ होऊन जायचं. भूरूपांत इतक्या जलद बदल करणं ज्वालामुखीलाही जमलेलं नाही. त्याच्यासमोर नानासाहेबांनी स्वतःच्या हातानं ‘भूमी उपयोजन’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

चाळीस झाले. एकाची जागा रिकामी राहिली.

हे सगळं फलकावर सुंदर अक्षरात काढायचं काम तहरीमकडे होतं. ती अंतिम वर्षाला होती. वडील मुबारकभाईंचं गुलमंडीत कापडाचं दुकान. वर्गाला नियमित येणारी ती एकटीच असल्यामुळे विभागाच्या हजेरीचा टक्का तिच्या तब्येतीवर अवलंबून असायचा. ती म्हणाली, "सर, चाळीस भागिले एक्केचाळीस. सत्त्याण्णवच्या वर जातंय, पण शंभर नाही होत."

"कोण राहिलं?" नानासाहेबांनी विचारलं.

"मी," शिवराज म्हणाला.

तेही बरोबर होतं. तो याच विभागाचा दहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी होता. नानासाहेबांनी पेन उघडलं. "तुझ्यापुढं काय लिहू?"

"अध्यापन लिहा, सर."

"तासिका तत्त्वावर, असं?"

शिवराजनं क्षणभर विचार केला. त्याच्या डोळ्यांपुढं श्रेणी आली, श्रेणीमागून पद, आणि पदामागून सिल्लोडची बैठकीची खोली. "नको सर. तासिका लिहिलं तर ते म्हणतील, हा कसला रोजगार. शंभराला डाग लागेल. पूर्णवेळ लिहा."

"पूर्णवेळ," असं म्हणत नानासाहेबांनी लिहिलं.

"मुबारक हो, सर," तहरीम ब्रश धुताधुता म्हणाली. "पेढे कधी?"

समिती आली. पहिल्या दिवशी तिनं अजिंठ्याचं मूल्यांकन केलं आणि दुसऱ्या दिवशी वेरूळचं. दोन्ही लेण्यांबद्दल सदस्यांचं मत अनुकूल पडलं. तिसऱ्या दिवशी हिमरू शालींची खरेदी आणि दुपारचं जेवण यांच्या मधल्या वेळात समिती तिसऱ्या मजल्यावर चढली. पत्र्याखाली एक्केचाळीस विषयतज्ज्ञ इस्त्रीच्या कपड्यांत घामाघूम बसले होते. तौफिकची रिक्षा खाली ‘विद्यार्थ्याने विकसित केलेले वाहतूक प्रारूप’ या पाटीखाली उभी केली होती, आणि दोन गिऱ्हाइकं तिच्यात येऊन बसली होती.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पुष्पगुच्छ बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "इस विभाग में जो सीखा, वो काम में कहाँ आया?"

असा प्रश्न येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. रंगीत तालमीतही तो घेतला नव्हता. मग मागून सोमनाथ उठला. "मॅडम, शिवराज सरांनी उतार शिकवला होता. पाणी उतारावरून कसं पळतं ते. मी बागेत बांध आडवे घातले. औंदा आजूबाजूच्या बागा वाळल्या, माझी टिकली."

बाईंनी चष्म्यावरून शिवराजकडे पाहिलं. पेन उचललं, समोरचे कागद पुढं-मागं केले आणि पेन खाली ठेवलं. या प्रकारच्या माहितीसाठी रकाना नव्हता.

प्रसंग राजकुमारनं सावरला. "मॅडम, जगात जमीन वाढत नाय, हे मला हितं पहिल्या वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी मी आलोच नाय. कामाला लागलो."

टाळ्या झाल्या. दोन सदस्यांनी त्याचं कार्ड मागून घेतलं.

महिन्याभरानं अहवाल आला. चौथा निष्कर्ष असा होता की विषयाशी संबंधित रोजगाराचं प्रमाण शंभर टक्के असून असा विभाग समितीच्या पाहण्यात दुसरा नाही. विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. सातवा निष्कर्ष असा होता: "विभागात एक पूर्णवेळ प्रमुख व एक पूर्णवेळ तरुण अध्यापक कार्यरत आहेत. एवढ्याच मनुष्यबळात शंभर टक्के साध्य झाले आहे. रोजगाराच्या बाबतीत एकशे एक टक्के ही संख्या संभवत नाही. सबब अतिरिक्त पदाचे प्रयोजन दिसत नाही."

शिवराज अहवाल घेऊन नानासाहेबांकडे गेला. "सर, हा पूर्णवेळ तरुण मीच आहे."

"मग झालं तर! मिळाली की तुला जागा."

"जागा नाही मिळाली, सर. भरलेली आहे."

"कुणी भरली?"

"मीच."

नानासाहेबांनी अहवालाचं पान उलटून चौथ्या निष्कर्षावर बोट ठेवलं. "शिवराज," ते मायेनं म्हणाले, "श्रेणी बघ केवढी आलीय."

व्यवस्थापनानं अहवाल बारकाईनं वाचला, ही या संस्थेच्या इतिहासातली पहिलीच वेळ. विभागात पूर्णवेळ अध्यापक असताना तासिकांवर खर्च का होतो, असा आक्षेप निघाला, आणि जुलैपासून शिवराजचे तासही बंद झाले. तर्कात कुठं चूक काढता येत नव्हती. अहवालातल्या शिवराजनं प्रत्यक्षातल्या शिवराजची गरज संपवली होती. इकडे शंभर टक्क्यांची बातमी वर्तमानपत्रात छापून आली, आणि ज्या विभागात हजेरी तहरीमच्या तब्येतीवर होती तिथं सगळ्या जागा भरून प्रतीक्षायादी लागली. नव्या मुलांना शिकवायला पूर्णवेळ तरुण अध्यापक होताच (अहवाल, सातवा निष्कर्ष).

बन्सीमामाचा फोन आला. हे स्थळ त्यानंच सुचवलं होतं. "भाच्या, पेपरात आलंय! देशात पयला इभाग! पाव्हणं राजी झालं ना!"

"मामा, माझे तास पण गेले."

"ते पाव्हण्याला कामून सांगायचं?"

पण शिवराजनं विशाखाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं स्वतःचीच जागा स्वतः भरली हे ऐकून ती आधी पोटभर हसली. "हे बघा," ती म्हणाली, "मला तुम्ही पसंत हायेत. वाऱ्यासकट. पण बाबांना आता मी काय सांगू? दिवाळीपर्यंत थांबवते त्यांना. सांगण्यासारखं काहीतरी घेऊन या."

सांगण्यासारखं काहीतरी दोनच दिवसांत पांढऱ्या गाडीतून आलं. राजकुमारनं काच खाली केली. "सर, कॉलेजला तुमची कदर नाय. माझ्याकडं या. मी बोललो तर लोक म्हणतात दलाल हाय. प्रोफेसर बोलला तर इश्वास बसतो."

कार्डावर ‘मुख्य भौगोलिक सल्लागार’ असं छापून आलं. खुर्चीला पाठ होती, ती मागं झुकतही होती, आणि फिरायला चारचाकी होती. सिल्लोडच्या आडतदारांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आधी कामून नाय सांगितलं?" दिवाळीनंतरची तारीख निघाली.

आता कामाचं. राजकुमारच्या नव्या योजनेचं नाव ‘हायवे टच सिटी’ होतं. हायवे आणि सिटी या दोघांपैकी कुणीही तिला अद्याप टच केलेलं नव्हतं. शिवराजला पहिलं काम मिळालं ते जमिनीपासून हायवेचं अंतर शास्त्रीय पद्धतीनं काढण्याचं. त्यानं स्थलनिर्देशक नकाशा पसरला, पट्टी लावली, प्रमाण बघितलं.

"सरळ रेषेत चार किलोमीटर," तो म्हणाला.

"झालं! चार मिनिटं."

"राजकुमार, मध्ये डोंगर आहे. वळसा घालून रस्त्यानं बावीस पडतात."

"डोंगर नकाशात हाय का?"

"हे बघ ना, समोच्च रेषा. एकसारख्या उंचीच्या जागा जोडतात त्या. इथं किती दाटल्यात."

राजकुमारनं एक डोळा बारीक करून पाहिलं. "मला तर भाकरीवरचे पापुद्रे दिसायलेत. सर, या रेषा वाचता येणारी माणसं हायेत किती?"

शिवराजनं मनात आकडा काढला. आपण ज्यांना पास केलं तेवढी, असं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. मग त्याला आठवलं की समोर बसलेल्यालाही आपणच पास केलंय.

तरी तो अडून बसला. शिक्षकाचं रक्त होतं. डोंगर लपवून आपण सही करणार नाही, छापायचा तर पूर्ण नकाशा छापायचा, प्रत्येक रेषेसकट, असं त्यानं बजावलं. लग्नाच्या पत्रिका छापायला गेलेल्या होत्या, तरी बजावलं. असं नैतिक धैर्य आजकाल दुर्मिळ आहे. राजकुमार लगेच कबूल झाला. "छापू की सर. सोनेरीत छापू."

पत्रक खरोखर देखणं झालं. गुळगुळीत जाड कागद, वर ‘हायवे फक्त ४ कि.मी.’, त्यावर बारीक चांदणी, आणि तळाशी चांदणीचा अर्थ: हवाई अंतर. पार्श्वभूमीला डोंगर होता, संपूर्ण, कडेकपारींसकट, सोनेरी रेषांत. काहीही लपवलेलं नव्हतं. लोक पत्रक हातात घेत, रेषांवरून बोट फिरवत आणि म्हणत, "डिझाइन लई भारी काढलंय."

बुकिंगच्या रविवारी साईटवर मांडव होता. पोहे होते, चहा होता, आणि मधोमध शिवराज सर होते. मुबारकभाई तहरीमला घेऊन आले. गुलमंडीत कापड मापण्यात उभा जन्म गेलेला माणूस. बोटाच्या चिमटीत पोत ओळखायचा. पण समोर लेकीचे सर दिसल्यावर त्यांनी चिमूट आवरली. "प्रोफेसर साहब ख़ुद बैठे हैं तो और क्या देखना? दो लिखो. एक इसका, एक इसके भाई का."

शिवराजनं पेन उचललं. ते कागदाला लागेना.

तहरीम पत्रक बघत होती. तिचं बोट एका जागी थांबलं. "अब्बू, रुको. ये डिझाइन नहीं है. पहाड है."

"कां है पहाड? मेरे को तो बेल-बूटी दिख रही."

"ये देखो, लकीरां कित्ती चिपक के आई हैं. इतकी दाट म्हणजे उभा कडा. हायवे इसके पीछे है. इधर से रस्ता निकलताच नहीं." मग ती शिवराजकडे वळली, वर्गात वळायची तशीच. "बरोबर आहे ना, सर?"

शिवराजला राजकुमारची नजर मानेवर जाणवली. त्याला कार्ड दिसलं, गाडी दिसली, पत्रिकेतलं विशाखाचं नाव दिसलं. पण नऊ वर्षांची सवय तोंडात होती, ती या सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

"बरोबर," तो म्हणाला. "शाब्बास."

मुबारकभाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. "चाय अच्छी थी, साहब," असं म्हणून ते उठले. जाताजाता तहरीम हळूच म्हणाली, "सर, प्रॅक्टिकलचे मार्क लावा बरं." आणि हसली. आपल्या शिकवण्याचा पुरावा शिवराजला आयुष्यात पहिल्यांदा असा समोर चालत जाताना दिसला. तो मातीच्या रस्त्यानं, वळसा घालून, शहराकडं निघाला होता.

आता सगळं संपलं, असं शिवराजला वाटलं. कारण भूगोल कळत असला तरी त्याला गिऱ्हाईक कळत नव्हतं. मांडवातल्या मागच्या ओळीतून एका गृहस्थांनी हात वर केला. "म्हणजे प्लॉटवरनं डोंगर दिसतो का हो?"

राजकुमारला एक श्वास पुरला. "समोरच! हिल व्ह्यू. त्याचा भाव येगळा हाय, पण आज आलेल्या लोकांसाठी..."

संध्याकाळच्या आत एकही प्लॉट उरला नाही.

ज्याचं त्याला मिळालं. नानासाहेब शंभर टक्क्यांच्या जोरावर प्राचार्य झाले. समितीच्या शाली थंडीत उपयोगी पडल्या. राजकुमारनं शिवराजच्या ‘शाब्बास’ला माफ केलंच, वर त्याला बढती दिली, कारण असं बोलणारा माणूस भाव वाढवतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. विशाखा घरी आली आणि अजूनही जांभई न देता ऐकते. आडतदारांना जावई मिळाला, बन्सीमामाला मानाचा फेटा. यांपैकी कुणाच्याही पदरचं काही गेलं नाही.

गेलं ते तुमचं. मागच्या ओळीत हात वर करून तुम्हीच विचारलं होतं, आणि ‘हिल व्ह्यू’ म्हटल्यावर बायकोकडं वळून मान हलवलीत तीही तुम्हीच. दहावीला भूगोल तुम्ही आदल्या रात्री वाचला आणि नकाशाचा प्रश्न कोरा सोडलात. पुढं याचा काय उपयोग, असं म्हणत. त्या कोऱ्या प्रश्नाचे मार्क त्या रविवारी गुंठ्याच्या भावानं कापून घेतले गेले.